नाव तर भांड्यावरच होतं

औरंगजेब म्हातारपणी सह्याद्रीत गडामागून गड घेत हिंडत होता हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १७०१ ला पन्हाळा, १७०२ ला विशाळगड, मग सिंहगड, राजगड, तोरणा, ऐंशी ओलांडलेला माणूस तंबूत राहतोय, पावसाळ्यात नद्या फुगल्यात, लष्कराचे हाल चाललेत. आता नेमक्या त्याच वर्षांत जर्मनीत काय चाललं होतं बघा. ड्रेस्डेन शहरात योहान मेल्खिओर डिंगलिंगर नावाचा दरबारी सोनार आपल्या दोन भावांना हाताशी धरून याच औरंगजेबाचा वाढदिवस सोन्यात घडवत होता, १७०१ ते १७०८. एका मोठ्या टेबलावर मावेल एवढा दरबार, मधोमध उंच सिंहासनावर बादशहा, समोर नजराणे घेऊन आलेले उमराव, हत्ती, घोडे, उंट, सव्वाशेहून जास्त चिमुकल्या सोन्याच्या मूर्ती, प्रत्येकीवर रंगीत मीनाकाम, आणि सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास हिरे. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने ते विकत घेतलं आणि आजही ते ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट संग्रहात आहे. खरा बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला आणि खुलताबादला अगदी साध्या कबरीत गेला.

मी पहिल्यांदा या वस्तूचे फोटो बघितले तेव्हा कितीतरी वेळ एकेक मूर्ती बघत बसले होते. कारागिरी अफाट आहे, त्याबद्दल वादच नाही. पण नीट बघायला लागलं की लक्षात येतं, यातले कितीतरी नजराणे चिनी दिसतात, काही ठिकाणी इजिप्तच्या देवता आहेत, म्हणजे डिंगलिंगरने तावेर्निए आणि बर्निए या प्रवाशांची वर्णनं वाचली आणि पूर्वेकडचं जे जे म्हणून ऐकलं पाहिलं होतं ते सगळं या एका दरबारात आणून ठेवलं. त्याच्या लेखी ते सगळं एकच होतं, खूप लांबचं, खूप श्रीमंत आणि खूप अद्भुत.

अठरावं शतक युरोपात या नजरेने सुरू होतं आणि संपता संपता मात्र तिथली काही माणसं एका जुन्या पितळी वस्तूकडे बघून सांगायला लागतात की ही अमक्या कारागिराने तमक्या साली या सुलतानासाठी केली. शंभर वर्षांत हा फरक कसा पडला हेच मला आज लिहायचंय. ठाण्यात बसून हे कशाला, असं आमच्या घरात विचारलं गेलंच, तर त्याचंही उत्तर पुढे येईल, कारण या गोष्टीतला एक महत्त्वाचा माणूस आपल्या इथे मुंबईत येऊन राहून गेलाय. मला या सगळ्यातून जे कळलंय ते आधीच सांगून टाकते. नजर बदलली ती मुख्यतः वाचण्यामुळे. वस्तूवर लिहिलेलं होतं, शेकडो वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, कुणीतरी एकदाचं बसून ते वाचलं.

त्याआधी या वस्तू युरोपात नव्हत्या असं अजिबात नाही. उलट भरपूर होत्या आणि अतिशय मानाने ठेवलेल्या होत्या. इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळातले स्फटिकाचे सुरई-चंबू व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात होते, पॅरिसजवळ सें-दनीच्या मठात होते. रेशमी कापडांत संतांच्या अस्थी गुंडाळलेल्या होत्या. पण ती वस्तू कुठून आली याचं उत्तर लोक आपापल्या परीने देऊन मोकळे झाले होते, एखादी शार्लमेन सम्राटाची, एखादी कुठल्या संताची. इंग्लंडमध्ये एका सरदार घराण्याकडे सिरियातला एक मिनाकाम केलेला काचेचा पेला होता, चौदाव्या शतकातला, त्याच्याबद्दल तर अशी समजूत होती की तो पऱ्यांनी दिलाय आणि तो फुटला की घराण्याचं नशीब फुटलं. इतकी शतकं तो न फुटता राहिला त्याला ही समजूतसुद्धा कारण असणार, आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पॅरिसच्या लुव्र म्युझियममधलं पितळी घंगाळ. व्यास साधारण ५० सेंटिमीटर, उंची २२-२३. फ्रान्समध्ये त्याला संत लुईचं बाप्तिस्मापात्र म्हणतात. पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यातल्या चॅपेलमध्ये ते असायचं आणि राजघराण्यातल्या मुलांच्या बाप्तिस्म्याला वापरायचे, १६०६ मध्ये तेराव्या लुईचा बाप्तिस्मा याच घंगाळात झाला, तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. संत लुई म्हणजे नववा लुई, क्रुसेडवर गेलेला राजा, तो १२७० मध्ये ट्युनिसजवळ वारला. आणि हे घंगाळ इजिप्त-सिरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या राज्यात चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेलं आहे. म्हणजे ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो राजा ते घडायच्या कितीतरी आधी गेला होता.

या घंगाळाचे मोठ्या रिझोल्युशनचे फोटो मी लॅपटॉपवर घेऊन राबोडीला गेले होते, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. तिचे अब्बा शाळेत उर्दू शिकवायचे, अरबी चांगलं वाचतात, मी त्यांना चाचा म्हणते. ते कोकणी मुसलमान, त्यामुळे आमचं सगळं बोलणं मराठीतच. चाचांनी चष्मा वर सरकवला, काठाच्या खालची ओळ मी झूम करून दिली आणि त्यांनी बोट ठेवून वाचलं, "अमल अल्-मुअल्लिम मुहम्मद इब्न अल्-झैन, गुफिर लहू." मग मला म्हणाले, "बेटा, हे उस्ताद मुहम्मद इब्न अल्-झैनचं काम आहे, आणि शेवटी लिहिलंय की त्याला माफी मिळो." थोडं थांबून म्हणाले, "बादशहाचं नाव कुठेय?" तेच तर नवल आहे. अशा भांड्यांवर सहसा सुलतानाच्या नाहीतर अमीराच्या पदव्यांची लांबलचक ओळ असते, इथे ती नाही, मालकाचं नावच नाही, आणि कारागिराने स्वतःचं नाव मात्र सहा ठिकाणी टाकलंय. एकदा पूर्ण, बाकी पाच वेळा आखूड, तेही चित्रांच्या आत, सिंहासनावर, माणसांच्या हातातल्या भांड्यांवर. घंगाळावर शिकारी आहेत, घोडेस्वार आहेत, एकामागे एक चालणारे दरबारी आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा, दाढी, टोपी वेगळी. एकाच्या हातात कलमदान आहे त्यावर दवात, म्हणजे दौत, असं लिहिलंय. एकाच्या हातातल्या थाळीवर लिहिलंय की मी जेवण वाहून न्यायचं भांडं आहे. चाचा हे वाचून एवढे खूश झाले की त्यांनी आतून चाचींना बोलावलं.

काम कसं केलंय तेही बघण्यासारखं आहे. पितळ ठोकून आकार दिला, मग चित्राच्या जागी धातू कोरून खोलगट केला, त्या खोबणीच्या कडा थोड्या आत वळवल्या आणि चांदीचा नाहीतर सोन्याचा पातळ पत्रा कापून त्यात दाबून बसवला, की कडा तो धरून ठेवतात. मग त्या पत्र्यावर आणखी बारीक कोरीव काम करून डोळे, कपड्यांच्या चुण्या, घोड्याची आयाळ काढली. बिदरी काम ज्यांनी बघितलंय, म्हणजे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात हुक्क्याची बिदरी भांडी आहेत ती, त्यांना कल्पना येईल. बिदरीत खालचा धातू जस्ताचा आणि काळा केलेला, इथे पितळ, पण चांदी बसवायची रीत त्याच घराण्यातली.

तर असं हे घंगाळ. १७९१ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती चालू असताना, ओबँ-लुई मिलँ या अभ्यासकाने फ्रान्समधल्या जुन्या वास्तू-वस्तूंच्या आपल्या ग्रंथात त्याचा समावेश केला आणि १७९३ मध्ये ते जप्त होऊन लुव्रला आलं. सें-दनीच्या मठातला स्फटिकाचा चंबूही त्याच वर्षी तिथे आला. क्रांतीने चर्चचं सोनंनाणं वितळवलं, कितीतरी अमोल गोष्टी नष्ट केल्या, ते वाईटच झालं. पण जे वाचलं ते पहिल्यांदाच अशा जागी आलं जिथे लोक गुडघे टेकायला येत नव्हते, बघायला येत होते. माझ्या मते ही या गोष्टीतली फार मोठी पायरी आहे. चर्चच्या खजिन्यात वस्तू वर्षातून एखाद्या सणाला बाहेर निघायची, पुजारी ती लांबून दाखवायचा, तिथे काठाखालची ओळ कोण वाचणार होतं.

आता एका झग्याची गोष्ट, जर्मनीतल्या पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट राज्याभिषेकाला घालत त्या झग्याची. १७६४ मध्ये फ्रँकफर्टला दुसऱ्या जोसेफचा राज्याभिषेक झाला. पुढे मोठा जर्मन कवी झालेला गटे तेव्हा चौदा वर्षांचा, तिथे गर्दीत होता, त्याच शहरातला मुलगा, आणि पुढे म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याने लिहिलंय की तो तरुण राजा शार्लमेनच्या त्या भल्यामोठ्या वस्त्रांत आणि दागिन्यांत वेषांतर केल्यासारखा कसाबसा चालत होता. ती वस्त्रं शार्लमेनची, म्हणजे आठव्या-नवव्या शतकातली, असंच सगळे मानत. यातला जो झगा आहे तो लाल रेशमाचा, अर्धवर्तुळाकार, पसरला तर साडेतीन मीटरच्या आसपास. मधोमध सोन्याच्या धाग्याने काढलेलं खजुराचं झाड, दोन्ही बाजूंना एकेक सिंह, आणि प्रत्येक सिंहाच्या पंजाखाली एकेक उंट, कडेला मोत्यांच्या ओळी. आणि खालच्या गोल काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कूफी लिपीत अरबी लेख, सोन्यात. तो लेख म्हणतो की हा झगा सिसिलीच्या राजधानीत शाही कारखान्यात हिजरी ५२८ मध्ये झाला, म्हणजे इसवी ११३३-३४, पालेर्मो, राजा दुसरा रॉजर. रॉजर ख्रिस्ती नॉर्मन, त्याचे कारागीर मुसलमान, दरबारात अरबी, ग्रीक, लॅटिन तिन्ही भाषा चालत. रॉजरच्या मुलीचं लग्न जर्मन सम्राटांच्या घरात झालं आणि त्या वाटेने तो झगा तिकडे पोचला. न्युरेम्बर्गला ही राजचिन्हं ठेवलेली असत. तिथलेच विद्वान क्रिस्टोफ गॉटलीब फॉन मुर यांनी १७९० मध्ये या लेखावर एक लॅटिन पुस्तिका छापली आणि तिच्या नावातच पालेर्मो आणि ११३३ हे दोन्ही घातलं.

शतकानुशतकं पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट राज्याभिषेकाला अंगावर अरबी लेख घालून उभे राहिले! मला यात कुणाचं हसं करायचं नाहीये, उलट मला हे फार सुंदर वाटतं, की मध्ययुगात पालेर्मोत ज्यांनी तो झगा करवून घेतला त्यांना अरबी अक्षरं राजाला शोभतात असं वाटत होतं, ते पुढच्यांना माहीत नव्हतं पण झग्याने ते जपून ठेवलं.

हे वाचणं इतकं अवघड का होतं असा प्रश्न मला पडला होता, कारण युरोपात अरबी शिकवणारी विद्यापीठं सतराव्या शतकापासून होती, लायडन होतं, ऑक्सफर्ड होतं, अरबी छापखाने होते. याचं उत्तर मला चाचांनीच दिलं, न सांगता. मी त्यांना झग्याच्या काठाचा फोटो दाखवला आणि ते अडकले. रोज कुराण शरीफ वाचणारा माणूस, पण म्हणाले, "हे कूफी आहे बेटा, याला नुक्ते नाहीत, मला नाही जमणार." अरबीत ब, त, थ, न ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की खालची रेघ सारखीच, फरक फक्त टिंबांचा, एक खाली की दोन वर की तीन. जुन्या कूफीत ती टिंबं नसतात, त्यात कारागीर अक्षरांची टोकं लांबवतो, वेलबुट्टी काढतो, जागा कमी पडली तर दाबून बसवतो. म्हणजे लेख आधी ओळखावा लागतो आणि मग वाचता येतो, भाषा येणं एवढंच पुरत नाही.

याची किल्ली मिळाली नाण्यांमुळे. १७२२ मध्ये बाल्टिक समुद्राच्या काठी डांत्सिगजवळ (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जुनी चांदीची अरबी नाणी सापडली. ती तिथे कशी, तर आठव्या ते दहाव्या शतकात बगदाद-मध्य आशियाकडून फर आणि गुलामांच्या व्यापारात ढिगाने चांदी उत्तरेला गेली होती आणि लोकांनी ती पुरून ठेवली होती. लाइप्झिगच्या गेओर्ग याकोब केर याने त्या नाण्यांवर १७२४ मध्ये पुस्तक लिहिलं. नाण्याचा फायदा असा की त्यावरचा मजकूर ठरलेला असतो. अल्लाच्या नावाने हा दिरहम अमक्या शहरात अमक्या साली पाडला, एवढंच, आणि हजारो नाण्यांवर तेच. त्यामुळे ठरलेल्या शब्दांवरून अक्षरांची वळणं कळतात, मग ती वळणं धरून शहराचं नाव आणि साल काढता येतं, आणि एकदा हात बसला की तीच वळणं पितळेवर, काचेवर, कापडावर ओळखू येतात. केरनंतर लाइप्झिगमध्येच योहान याकोब रायस्के आला, अरबीतला त्या काळचा बहुतेक सगळ्यात मोठा जाणकार, त्यानेही नाण्यांवर काम केलं, आयुष्य मात्र ओढगस्तीत गेलं.

मग रोमजवळ वेल्लेत्री. तिथे स्तेफानो बोर्जा या धर्माधिकाऱ्याचा, जो पुढे कार्डिनल झाला, घरचा संग्रह होता. तो मिशनऱ्यांचं काम बघणाऱ्या खात्याचा सचिव होता, त्यामुळे जगभरातून मिशनरी त्याला वस्तू पाठवायचे. याकोब गेओर्ग क्रिस्तियान आडलर नावाचा तरुण तिथे आला आणि त्याने बोर्जाकडची कूफी नाणी, काचेची वजनं, मोहरा यांची यादी वाचून, चित्रं काढून १७८२ मध्ये रोमला छापली. खास कूफी वस्तूंची अशी छापील सूची! मला वाटतं या विषयात मैलाचा दगड कुठला म्हणायचा तर हा, आणि त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. बोर्जाकडेच एक पितळी खगोल होता, तारे-नक्षत्रं कोरलेला, तो पाडुआत शिकवणाऱ्या सिमोने अस्सेमानीने १७९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर लिहिलेलं होतं की कैसर इब्न अबी अल्-कासिमने तो हिजरी ६२२ मध्ये सुलतान अल्-कामिलसाठी केला. इसवी १२२५. अल्-कामिल म्हणजे सलाहुद्दीनचा पुतण्या, आणि त्याने १२२९ मध्ये ज्या सम्राटाशी तह करून जेरुसलेम दिलं तो दुसरा फ्रेडरिक हा झगेवाल्या रॉजरचा नातू. दोन वस्तू, दोन्हींवरची पुस्तकं १७९० ची, आणि दोन्हींच्या मागची राजघराणी एकमेकांशी जोडलेली निघावीत, हे मला जेव्हा जुळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि कुणाला सांगावं ते कळेना.

भूक किती होती आणि जाणकार किती कमी होते हे कळायला पालेर्मोचं प्रकरण बघावं. १७८२ च्या शेवटी मोरोक्कोचा राजदूत तिथे थांबला होता, त्याला दुभाषा म्हणून जुझेप्पे वेल्ला नावाचा माल्टाचा पाद्री दिला. एका मठातलं अरबी हस्तलिखित राजदूताला दाखवलं, ते खरं तर पैगंबरांचं चरित्र होतं, पण वेल्लाने राजदूत गेल्यावर जाहीर केलं की हा सिसिलीतल्या अरब राजवटीचा इतिहास आहे, आणि मनाने रचून तो त्याचे खंडच्या खंड देत गेला, १७८९ पासून ते छापलेही गेले, मोठमोठे लोक फसले. रोझारियो ग्रेगोरियो या सिसिलीच्याच अभ्यासकाने ते तपासता यावं म्हणून स्वतः अरबी शिकून घेतलं. शेवटी लबाडी उघडी पडली आणि १७९६ मध्ये वेल्लाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ग्रेगोरियोबद्दल मला मनापासून आदर आहे, शंका आली म्हणून नवी भाषा शिकणारी माणसं किती असतात?

आता आपल्याकडचा पाहुणा. कार्स्टन नीबूर, डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाला पाठवलेल्या मोहिमेतला मोजणीदार. भाषातज्ज्ञ येमेनच्या मोखा बंदरात वारला, वनस्पतितज्ज्ञ येमेनच्या डोंगरात वारला, चित्रकार मुंबईला येताना जहाजावर वारला, डॉक्टर मुंबईत पोचून १७६४ मध्ये वारला, शेवटी एकटा नीबूर उरला. सप्टेंबर १७६३ पासून पुढचं वर्षभर त्याचा मुक्काम मुख्यतः मुंबईत होता. तेव्हा आपलं ठाणं आणि अख्खी साष्टी मराठ्यांकडे होती, खाडीच्या अलीकडे पेशव्यांचं राज्य, पलीकडे कंपनीची मुंबई. नीबूर घारापुरीला पुन्हा पुन्हा गेला आणि लेण्यांची मोजमापं घेऊन चित्रं काढली, चित्रकार गेला होता म्हणून स्वतःच. आज घारापुरीवरून न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात, नवी मुंबईत राहणारे कितीजण तिथे जाऊन आलेत, पण हे नाव फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

या विषयात नीबूर महत्त्वाचा का, तर तो ज्या डोळ्यांनी लेणी मोजत होता त्याच डोळ्यांनी येमेनमध्ये कूफी लेख उतरवून घेत होता, कपडे, वाद्यं, घरांचे नकाशे काढत होता. १७७२ च्या त्याच्या अरबस्तानवरच्या पुस्तकात कूफी लेखांच्या प्लेट आहेत. तो मोठा अरबी पंडित नव्हता. जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवायचं, वाचणारा पुढे वाचेल, हा त्याचा स्वभाव, आणि मला या शतकातल्या माणसांत तोच सगळ्यात आवडतो. डिंगलिंगरपासून इथवर यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

पण सगळा युरोप नीबूर झाला होता असं समजू नका. साधारण त्याच दशकात व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या एका दालनाच्या भिंतींसाठी मुघल चित्रं कापली गेली. शिसवी लाकडाच्या भिंती, त्यावर सोनेरी वळणदार चौकटी, साठेक, आणि त्या चौकटींच्या आकारात बसावीत म्हणून चित्रं कात्रीने कापून, एका चित्रातला माणूस, दुसऱ्यातलं झाड, तिसऱ्यातली गच्ची असं जोडून नवी चित्रं चिकटवली. राजघराण्यातल्या मंडळींनी स्वतः हे केलं असं सांगतात. दालनावर इतका खर्च झाला की त्याचं नावच मिलियन रूम पडलं. त्यांना ती चित्रं आवडत होती म्हणूनच केलं, हे मला समजतं, तरी फोटो बघवत नाहीत. एखादी शहजादी बागेत बसलेली होती तिची बाग कुठे गेली, चित्रकाराने कोपऱ्यात नाव लिहिलं असेल तर ते कात्रीत गेलं. जी वाचणारी मंडळी होती त्यांनी कारागिराचं नाव परत मिळवलं आणि इथे नुसत्या आवडीपोटी ते पुसलं गेलं, दोन्ही एकाच काळात.

फॅशनबद्दल मी फार लिहीत नाही, १६८३ चा व्हिएन्नाचा वेढा उठला, १६९९ चा तह झाला, तुर्कांची भीती गेली आणि तुर्की कपडे, कॉफी, तुर्की पद्धतीचे तंबू हे सगळं श्रीमंतांत आलं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. लेडी मेरी माँटेग्यूचं मात्र सांगायला हवं, इंग्लंडच्या वकिलाची बायको, १७१७ मध्ये तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरातली सेलिम सुलतानाची मशीद बघून तिने लिहिलं की जर्मनी-इंग्लंडातल्या कुठल्याही चर्चपेक्षा ही सुंदर आहे. तिला लेख वाचायचा नव्हता, तिने सरळ बघितलं आणि आवडलं ते सांगितलं. आणि स्पेनमध्ये राजाच्या कला अकादमीने १७६० च्या दशकात आधी ग्रानादाच्या एका चित्रकाराला आणि मग होसे दे एर्मोसियाला दोन वास्तुविशारदांसकट ग्रानादातल्या अल्हम्ब्राला, तिथल्या जुन्या मुसलमान राजांच्या राजवाड्यात, पाठवलं, नकाशे, कमानी, भिंतींवरची नक्षी, मोठमोठे चकचकीत मातीचे रांजण, सगळं मापासकट. ते रांजण सोन्याने भरलेले सापडले अशी दंतकथा होती. ती चित्रं १७८७ आणि १८०४ मध्ये छापून आली आणि अरबी लेखांचं भाषांतरही करून घेतलं गेलं.

माझी एक तक्रार मात्र या सगळ्या विद्वानांबद्दल आहे. त्यांनी वाचलं, पण बहुतेकांनी वाचून झाल्यावर वस्तू बाजूला ठेवली. त्यांना साल हवं होतं, राजाचं नाव हवं होतं, इतिहासातली रिकामी जागा भरायची होती. आडलरच्या सूचीत तुम्हाला वजनाच्या काचेचा हिरवा रंग किती सुरेख आहे असं सापडणार नाही. सुंदर म्हटलं की त्या पिढीच्या डोळ्यांसमोर ग्रीक पुतळे यायचे, विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने १७६४ मध्ये ते पक्कं करून ठेवलं होतं. नाव देणारे आणि सौंदर्य बघणारे असे दोन गट राहिले, एकत्र यायला पुढची जवळजवळ शंभर वर्षं गेली. आणि ते झालं तेव्हा बाजारही आला, वस्तू मशिदींतून, घरांतून उचलल्या जायला लागल्या, तो वेगळा आणि जास्त दुखरा विषय आहे.

तरी वाचणाऱ्यांच्या कामातून काय उभं राहिलं ते बघायचं तर १८२८ मध्ये रेनो या फ्रेंच अभ्यासकाने द्यूक द ब्लाका यांच्या संग्रहातल्या अरबी, फारसी, तुर्की वस्तूंवर लिहिलेले दोन खंड आहेत. त्याच संग्रहातली इराकमधल्या मोसुलची पितळी सुरई १८६६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतली. तिच्यावर चांदीत जडवलेली चित्रं आहेत, शिकार आहे, वाजवणारे आहेत, एका ठिकाणी एक बाई आरशात बघतेय आणि शेजारी तिची दासी उभी आहे. गळ्याभोवतीच्या ओळीत शुजा इब्न मनआ अल्-मौसिली हे कारागिराचं नाव, हिजरी ६२९ चा रजब महिना आणि मोसुल शहर, सगळं आहे. म्युझियमच्या साइटवर फोटो फुकट बघता येतात, ब्लाका सुरई असं शोधा. गळ्याची ती ओळ मी चाचांना पाठवली आहे, त्यांचा व्हॉट्सॲपवर रिप्लाय आलाय की रविवारी ये, लॅपटॉप घेऊन ये, मोबाइलवर दिसत नाही.